गुडघ्यातले पंधरा टक्के

माझ्या उजव्या गुडघ्याची वाटणी झालेली आहे. तो तीस टक्के निकामी आहे हे सरकारला मान्य आहे. त्या तिसांतले पंधरा सरकारच्या नोकरीत गेले आणि उरलेले पंधरा माझ्या आईनं घालवले, असा कागद माझ्या ट्रंकेत आहे. शेताची वाटणी होते, विहिरीच्या पाण्याची होते, गुडघ्याची झालेली मी तरी दुसरी पाहिली नाही.

फौजेतून दुखापतीमुळे घरी पाठवलेल्या माणसाला पेन्शन हवी असेल तर नोकरीत गेलेलं अंग निदान वीस टक्के भरावं लागायचं. एकोणीस भरलं तरी सलाम ठोका आणि चालू लागा. मला पाच कमी पडले. नोकरीची पुरी वर्षं भरली असती तर साधी पेन्शन तरी मिळाली असती, पण नऊ वर्षांतच गुडघ्यानं मान टाकली. म्हणजे या पाच टक्क्यांवर सगळं होतं. आणि पेन्शनपेक्षाही मला एक गोष्ट हवी होती. हा गुडघा देशाच्या कामात गेला, एवढं एक वाक्य कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यायला हवं होतं.

आमचं घर अजिंठ्याच्या बाजूचं, मेंढरं राखणारं. आमच्याकडे दुखण्याला एकच औषध, डाग. मेंढरू लंगडलं की विळ्याचं टोक इंगळावर लाल करायचं आणि दुखऱ्या जागी टेकवायचं. तान्हं पोर पोट धरून रडायला लागलं की त्याच्या पोटावरही डाग. आमच्या भावकीत बिनडागाचं पोट शोधून सापडणार नाही. माझ्या बेंबीभोवती चार आहेत, मी पाळण्यात असतानाचे. डाग द्यायला हात लागतो. जरा जास्त टेकला तर मांस जळतं, कमी टेकला तर गुण येत नाही. माझ्या आईचा हात तीन गावांत नावाजलेला होता. लोक लंगडी जनावरं खांद्यावर टाकून तिच्याकडे आणायचे.

गुडघा गेला तो पहाडात, एका चौकीवर. खालून रॉकेलचा डबा पाठीवर घेऊन चढत होतो. बर्फावरून पाय सटकला, दोन दगडांत अडकला आणि मी डब्यासकट दुसऱ्या बाजूला पडलो. शत्रू नव्हता, गोळी नव्हती. रॉकेलच्या डब्यानं जायबंदी झालो, असं सांगताना मलाच लाज वाटायची, म्हणून गावात मी निम्मी गोष्ट सांगायचो. पण दुखापतीचा कागद रीतसर झाला. प्लास्टर झालं, ते उतरलं, आणि दोन महिन्यांच्या आजारी रजेवर मी घरी आलो.

आईनं गुडघा पाहिला. माठासारखा सुजला होता. तिनं दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "लेका, ह्यात वारं शिरलंय. ह्या दवाखान्यावाल्यांना पांढरं फडकं गुंडाळायचं तेवढं कळतंय."

"माय, फौजेच्या डॉक्टरनं पाहिलंय."

"पाह्यलंय ना? मंग उतरली कामून नाय सूज?"

आज वाटतं, तिथंच नाही म्हणायला हवं होतं. मी नऊ यत्ता शिकलेला, देश पाहिलेला, साहेबांच्या हाताखाली वावरलेला माणूस. पण नाही म्हणणं म्हणजे तिला तोंडावर अडाणी म्हणणं झालं असतं. मी अंगणात आडवा झालो, सदऱ्याची बाही दातांत धरली आणि तिनं गुडघ्याच्या वाटीभोवती तीन डाग दिले. दोन दिवस खरंच बरं वाटलं. मग एक डाग चिघळला, तो महिनाभर वाहत राहिला. रजा संपवून मी परत गेलो तेव्हा पाय पुरता दुमडत नव्हता. रॉकेलच्या डब्यानं दुमडत नव्हता की डागानं, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

पुढची दोन वर्षं हलकी ड्युटी केली. शेवटी तीन डॉक्टरांच्या बोर्डापुढे उभं केलं. अंगावर चड्डी तेवढी. त्यांतल्या मोठ्या साहेबानं गुडघा वाकवून पाहिला, मग त्याचं बोट त्या तीन काळ्या डागांवर थांबलं.

"ये क्या है?"

"डाग है साब. माँ ने दिया."

त्याची नजर वर गेली, पोटावरच्या चार डागांवर. "और ये?"

"ये भी माँ ने."

"कब?"

आता साहेबापुढे सावधानमध्ये उभा असलेला माणूस काय बोलतो ते ऐका. मला वाटलं, साहेबाला आमची रीत जाणून घ्यायची आहे. मला जरा बरंही वाटलं, कुणी विचारलं म्हणून. मी छाती काढून म्हणालो, "हमारे घर में सबको देते हैं साब, बचपन से."

साहेबानं मान डोलावली आणि लिहिलं. माझ्या तोंडातून गेलेलं 'बचपन' त्या कागदावर बसलं ते कायमचं. पोटावरचे डाग पाळण्यातले आणि गुडघ्यावरचे पंचविशीनंतरचे, हे वेगळं करून सांगायला मला कुणी वेळ दिला नाही, आणि सांगायचं असतं हे मला कळलं नाही. महिन्याभरानं हातात कागद आला. गुडघा तीस टक्के निकामी. त्यांतला निम्मा बिघाड भरतीच्या आधीचा, लहानपणच्या गावठी उपचारांचा. पेन्शनसाठी धरायचे पंधरा.

दोन पाय धडधाकट असल्याची तपासणी करूनच मला भरती केलं होतं, माझ्याकडून मैलभर धावून घेतलं होतं. आधीच निम्मा मोडलेला गुडघा त्या दिवशी कुणाला दिसला नाही. नऊ वर्षं राबवून घेतल्यावर दिसला. याला काय म्हणावं? गाय दुभती आहे तोवर लाथा गोड, एवढंच मला माहीत होतं. आटल्यावर लाथ कोण मारतो ते फौजेनं शिकवलं.

मी औरंगाबादला आलो. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. उस्मानपुऱ्यात एक खोली घेतली आणि एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झालो. बारा तास उभं राहायचं काम. निकामी गुडघ्याच्या माणसाला दुनियेनं दिलेली नोकरी उभं राहायची, यातली गंमत मालकाला कळली नसावी. दर पंधरवड्याला गावी जायचो. बायकोपोरं तिथंच होती, आईजवळ.

छावणीच्या बाजूला एक निवृत्त सुभेदार राहायचे. माजी सैनिकांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे आणि लिहिता लिहिता शिव्या घालायचे. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला आणि मला माझ्या फौजेतल्या हुद्द्यानं हाक मारली.

"नाईक, तू गधा आहेस."

"व्हय साहेब."

"साहेबानं 'कब' विचारलं तर तारीख सांगायची. रीत सांगायची नसते. तू काय लग्नात पाहुण्यांना माहिती देत होतास?"

त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. गुडघ्यावरचे डाग भरतीनंतरचे, रजेतले आहेत, हे सिद्ध केलं की पंधरा टक्के परत आपल्या बाजूला येतात. भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद मागवला. त्यात अंगावरच्या सगळ्या खुणा लिहिलेल्या असतात, पोटाचे चार डाग असतील, गुडघ्याचा एकही नसेल. चार महिन्यांनी उत्तर आलं की तो कागद सापडत नाही. सुभेदार म्हणाले, "मग डाग देणारीलाच आण. तिचं प्रतिज्ञापत्र करू."

हेच अवघड होतं. आईनं आयुष्यात कागदाला अंगठा लावला नव्हता. निजामाच्या अमलात तिच्या बापानं एका जागीरदाराच्या कारकुनापुढे अंगठा लावला, चराईची परवानगी मिळते आहे असं समजून. कुरण गेलं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, जागीरदार गेला, कुरण काही परत आलं नाही. त्यानंतर त्या घराची आणच होती, कागदाला अंगठा नाही. मतदानालाही ती बोटाला शाई लावायला घाबरायची. मी तिला सगळं सांगितलं. तुझ्या डागामुळे अडलंय, एवढं मात्र सांगितलं नाही. म्हणालो, डाग कधी दिलास एवढं साहेबांना हवंय.

तिनं बराच वेळ अंगठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझ्यासाठी लावते. पर मला वाचून दाव आधी."

मी तिला घेऊन एसटीनं आलो. हर्सूलच्या जेलची भिंत दिसल्यावर तिनं विचारलं, "हितंच हाय का तुझं कोरट?" कोर्टाबाहेर टायपिस्टांच्या टेबलांची रांग होती. एका टेबलापाशी सुभेदार वाट पाहत होते. आई स्टुलावर बसली आणि तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. विळा होता. साहेबांना दाखवायला आणला होता तिनं.

टायपिस्ट दचकून मागे सरला आणि मग खो खो हसला. आई हसली नाही. तिनं टोकावर बोट ठेवून सांगितलं, "ह्येच्यानं दिले. तीन. अखाजीला चार दिस व्हते. ह्यो रजेवर आला व्हता, पायात पट्टी व्हती. वाटीवर नाय दिला, वाटी सोडून दिले. लिव्हा."

इतकी चोख साक्ष मी नंतर कुठल्या वकिलाच्या तोंडून ऐकली नाही. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; तिथी, जागा, संख्या, सगळं आलं. बोर्डापुढे मी असं बोललो असतो तर ही वेळच आली नसती. टायपिस्टनं मात्र त्याच्या भाषेत ठोकायला सुरुवात केली, 'मी अशिक्षित व अज्ञानी असल्याने, योग्य वैद्यकीय उपचारांची माहिती नसल्याने...' मी ते तिला वाचून दाखवलं.

"आज्ञानी कोन?"

"तसं लिहायची पद्धत असते, माय."

"शंभर मेंढरं तोंडावरून वळखिते म्या. तीन गावाची जनावरं माझ्याकडं येतेत. आज्ञानी कशापायी लिव्हतो ह्यो?"

मी सुभेदारांकडे पाहिलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "राहू दे नाईक. साहेब लोकांना दया येते अशानं." टायपिस्टनं कागद आधीच काढला होता. दुसरा करायचा तर पुन्हा बाँड पेपर आणा, पुन्हा नंबर लावा. मला दोनच्या पाळीला फाटकावर उभं राहायचं होतं. मी आईला म्हणालो, "लाव गं, काय होत नाही."

तिनं लावला. मग तोच अंगठा लुगड्याला पुसत राहिली, शाई निघून गेल्यावरही. विळा परत फडक्यात बांधला. हे मी केलं. बोर्डानं नाही, टायपिस्टनं नाही. माझी पाळी चुकू नये म्हणून मी माझ्या आईला अज्ञानी लिहू दिलं.

अपिलाच्या अर्जावर पत्ता गावचा होता, कारण फौजेच्या नोंदीत तोच होता. आठ महिने गेले. एका रविवारी गावी गेलो तर आईनं देवळीतून लांब खाकी पाकीट काढून दिलं. पाकिटाची कड पिठाच्या खळीनं चिकटवल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, पोस्टात भिजलं असेल, पोस्टमननं चिकटवलं असेल.

अंगणात बसून वाचलं. इंग्रजी होतं, पण फौजेतलं इंग्रजी मला लागतं. अर्जदाराच्या आईची साक्ष मान्य केली होती. डाग भरतीनंतरचे, रजेतले, हेही मान्य. पुढे लिहिलं होतं की सदर उपचार अज्ञानी व्यक्तीनं, लष्करी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, जवानाच्या संमतीनं केले; त्यांमुळे झालेल्या हानीचा नोकरीशी संबंध नाही; सबब पंधरा टक्के कायम. कारण सगळं बदललं होतं, आकडा जागचा हलला नव्हता. आधी डाग लहानपणचा म्हणून पंधरा, आता डाग मोठेपणचा म्हणून पंधरा. आणि 'अज्ञानी' हा शब्द त्यांना शोधावा लागला नव्हता. तो आम्हीच बाँड पेपरवर, तिच्या अंगठ्यासकट पुरवला होता.

तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही लिहितो, कारण नाहीतर ही सगळी आठवण खोटी. मला आईचा राग आला. वाटलं, हिनं विळा हातात घेतला नसता तर. चिघळलेला डाग आठवला, महिनाभर वाहिलेला पू आठवला. अर्धा गुडघा हिनंच खाल्ला, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात ती चुलीपासून उठून दारात आली.

"काय म्हनतेत रं?"

मी वर पाहिलं. तिचा चेहरा पाहून माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी कागदाची घडी घातली. "झालं माय. तुझा अंगठा चालला."

तिनं पाकिटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं झालं. च्या ठिवते." आणि आत गेली.

मेंढीला जुळं झालं तरी गावभर सांगत सुटणारी बाई ही. पण आपल्या अंगठ्यानं लेकाची पेन्शन झाली, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. मला वाटलं, दृष्ट लागेल म्हणून गप्प असेल. पुढं पुढं तिनं डाग देणंही बंद केलं. कुणी जनावर आणलं तर म्हणायची, हात थरथरतो. आमचंच एक कोकरू लंगडायला लागलं तर या वयात ते खांद्यावर टाकून चालत सरकारी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी म्हणालो, वय झालं हिचं. सोयीचं तेवढंच माणसाला दिसतं.

सुभेदारांनी कागद पाहून कपाळावर हात मारला. "तो शब्द मीच राहू दिला," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच शिवी दिली नाही. मग सरळ होऊन बसले. "दुसरं अपील आहे, नाईक. सहा महिन्यांची मुदत आहे. या वेळी तुझ्या आईच्याच शब्दांत लिहू, अखाजी न् विळ्यासकट. लष्करी डॉक्टरनं डाग देऊ नको असा सल्ला कधी दिला होता, तो कागद दाखवा म्हणू. जिंकू आपण. आईला एकदा घेऊन ये फक्त."

एकदा घेऊन ये फक्त. कुठल्या तोंडानं आणणार होतो? तिला सांगून बसलो होतो की झालं. पुन्हा अंगठा कशाला, असं तिनं विचारलं असतं तर मला सगळा कागद वाचून दाखवावा लागला असता, त्या शब्दासकट, त्या पंधरांसकट. प्रत्येक खेपेला गावी जाताना एसटीत ठरवायचो, आज सांगायचं. तिथं पोचल्यावर ती ताटात भाकरी वाढायची आणि मी जेवून परतायचो. सहा महिने असे गेले. सुभेदारांच्या घरावरून जायचं मी टाळू लागलो, नंतर ते वारले. फाटकावर मी आणखी एकोणीस वर्षं उभा राहिलो.

आई शेवटच्या दुखण्यात माझ्याकडे उस्मानपुऱ्याला होती. तिचे स्वतःचेच दोन्ही गुडघे धरले होते. दुपारी मी तिच्या पायांना तेल चोळत बसायचो. मला मांडी घालता येत नाही म्हणून एक पाय लांब पसरून. एका दुपारी तिनं हात पुढं केला आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. नजर अधू झाली होती, पण बोटं बरोबर त्या तीन डागांवर गेली, एकेकावरून फिरली.

"ह्यातले पंधरा माझे," ती म्हणाली.

माझा हात थांबला. हा आकडा मी तिला कधीच सांगितला नव्हता.

"माय, कुणी सांगितलं तुला?"

"पाकीट आलं तवाच शाळंच्या मास्तरकडून वाचून घेतलं. म्याच चिकटिवलं परत, पिठानं."

म्हणजे चुलीपासून उठून दारात आली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. काय म्हणतात, असं विचारून ती उभी राहिली होती आणि मी तिला खोटं सांगितलं होतं. इतकी वर्षं सणाला लुगडं आणताना मी 'पेन्शनमधून' म्हणायचो, तेही तिनं ऐकून घेतलं होतं.

मी म्हणालो, "नाय गं माय, तुझे नाहीत ते. खोटं लिहिलंय त्यांनी. त्या डागानं काही झालं नव्हतं."

तिनं गुडघ्यावरचा हात काढला नाही. डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, मी लहानपणी मेंढरू हरवून घरी आलो की पाहायची तसं.

"खोटं व्हतं," ती म्हणाली, "तर मंग फिरून भांडला कामून नाय? म्या वाट पाह्यली. आंगठा व्हता की माझा."